‘गोळी सोसत नाही’ : मधुमेहाच्या उपचारातील पहिला महिना

‘ते गोळी मले सोसत नाही’ हे वाक्य वऱ्हाडातील आरोग्य उपकेंद्रांत काम करणाऱ्यांना नवे नाही. मधुमेहाचे निदान होते, डॉक्टर गोळी लिहून देतात, रुग्ण ती आठ-दहा दिवस घेतो. मग पोट बिघडते, मळमळू लागते, तोंडाची चव जाते आणि गोळ्यांचे पाकीट घरातील देवळीत जाऊन पडते. रुग्ण पुन्हा दवाखान्याची पायरी चढत नाही, कारण त्याच्या दृष्टीने प्रश्न सुटलेला असतो. गोळी थांबली आणि त्रासही थांबला. मधुमेह मात्र थांबलेला नसतो. तो दुखत नाही, खुपत नाही. काही वर्षांनी तो डोळ्यांच्या पडद्यावर, पायाच्या न भरणाऱ्या जखमेत किंवा निकामी होत चाललेल्या मूत्रपिंडात प्रकट होतो, तेव्हा देवळीतील त्या पाकिटाची आठवणही कोणाला राहिलेली नसते.

मधुमेहाच्या उपचारात पहिल्या महिन्याचे महत्त्व याच कारणामुळे आहे. या महिन्यात होणारा त्रास बहुतेक वेळा आधीच सांगता येण्याजोगा, तात्पुरता आणि साध्या उपायांनी कमी होणारा असतो. तो तसा आहे हे रुग्णाला अगोदर कळले, तर उपचार टिकतो. न कळले, तर तो तुटतो. रुग्णाला हे समजावून देण्याचे काम डॉक्टरांचे आहेच, परंतु रुग्ण डॉक्टरांसमोर पाच मिनिटे असतो आणि गावात बारा महिने राहतो. म्हणून शिक्षक, पंचायत सदस्य, ग्रामसेवक व अन्य शासकीय कर्मचारी यांनीही या विषयाची मूलभूत माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

प्रश्नाचा आवाका

मधुमेह हा शहरातील सुखवस्तू लोकांचा आजार, ही समजूत आता टिकण्यासारखी नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या देशव्यापी पाहणीच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्राचा समावेश होता. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांनुसार राज्यातील प्रौढांपैकी ८.४ टक्के लोकांना मधुमेह होता. हीच पाहणी सर्व राज्यांत पूर्ण झाल्यावर २०२३ मध्ये जे आकडे पुढे आले, त्यांनुसार देशातील मधुमेहींची संख्या १० कोटींच्या वर असून आणखी १३ कोटींहून अधिक लोक मधुमेहाच्या उंबरठ्यावर आहेत.

केंद्र शासनाने २०१० मध्ये कर्करोग, मधुमेह, हृदयविकार व पक्षाघात यांच्या नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम निवडक जिल्ह्यांत सुरू केला. त्याच्या सुरुवातीच्या टप्प्यात महाराष्ट्रातील जे जिल्हे घेण्यात आले, त्यांत अकोल्याचे शेजारी अमरावती व वाशीम हे जिल्हे होते. पुढे ३० वर्षांवरील सर्व स्त्री-पुरुषांची तपासणी करण्याचे धोरण स्वीकारले गेले. आशा स्वयंसेविका घरोघरी जाऊन तपासणीसूची भरतात, उपकेंद्रात रक्तातील साखर पाहिली जाते आणि निदान झालेल्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रातून गोळ्या मिळतात. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील तपासणी व उपचार निःशुल्क करण्यात आले आहेत. सारांश, गोळी गावापर्यंत पोचली आहे. ती पोटात टिकण्याचा प्रश्न उरला आहे.

विषारी गवतातून आलेले औषध

मधुमेहाच्या ज्या प्रकारात प्रौढ वयात साखर वाढते, त्यात बहुधा प्रथम दिली जाणारी गोळी म्हणजे मेटफॉर्मिन होय. तिची जन्मकथा बोधप्रद आहे. युरोपात गॅलेगा नावाची निळसर-जांभळ्या फुलांची एक वनस्पती उगवते. ती जुन्या काळी औषधी म्हणून वापरात होती, पण ती भरपूर खाणारी मेंढरे दगावत. तिच्यात साखर कमी करणारी द्रव्ये आहेत, हे पुढे कळले. त्या द्रव्यांशी नाते असलेले मेटफॉर्मिन १९२२ मध्ये डब्लिन येथे एमिल वर्नर व जेम्स बेल यांनी प्रयोगशाळेत तयार केले. माणसांच्या मधुमेहावर त्याचा वापर करून निष्कर्ष प्रसिद्ध करण्याचे श्रेय पॅरिसचे डॉ. ज्याँ स्टर्न यांना जाते. ते वर्ष १९५७.

या औषधाच्या वाट्याला संशयही आला. त्याच्या कुळातील फेनफॉर्मिन या औषधामुळे रक्तात लॅक्टिक आम्ल साचून मृत्यू घडू लागले, म्हणून ते अमेरिकेत १९७०च्या दशकाअखेरीस मागे घेण्यात आले. भारतात त्यावर २००३ मध्ये बंदी आली. मेटफॉर्मिनमध्ये हा धोका फारच थोडा असल्याचे दीर्घ अनुभवाने सिद्ध झाले. ब्रिटनमध्ये नव्याने निदान झालेल्या ५,१०२ रुग्णांवर अनेक वर्षे चाललेल्या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात मेटफॉर्मिनने उपचार झालेल्या स्थूल रुग्णांमध्ये मधुमेहाशी संबंधित मृत्यू, केवळ आहारनियमनावर भर दिलेल्या रुग्णांच्या तुलनेत, ४२ टक्क्यांनी कमी आढळले. जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आज त्याचा समावेश आहे. ज्या गोळीमुळे चार दिवस पोट बिघडते, तीच गोळी आयुष्याची वर्षे वाढवू शकते, हे रुग्णाला सांगण्यासारखे आहे.

पोट का बिघडते?

मेटफॉर्मिन मुख्यत्वे यकृतावर व आतड्यांवर काम करते. यकृत रात्रंदिवस रक्तात साखर सोडत असते. मधुमेहात हे सोडणे बेसुमार होते आणि ही गोळी त्याला आवर घालते. तोंडावाटे घेतलेल्या गोळीचा अंश आतड्यांच्या आवरणात रक्तातल्यापेक्षा कितीतरी पटींनी अधिक साठतो. तेथील हालचाली, पित्तरसाचे शोषण आणि जंतूंचा समतोल यांत त्यामुळे फरक पडतो. परिणामी मळमळ, पोट फुगणे, पोटात मुरडा, पातळ शौचास होणे, भूक मंदावणे आणि तोंडाला धातूसारखी चव येणे या तक्रारी उद्भवतात.

साधारणपणे चार रुग्णांमागे एकाला यांपैकी काही ना काही त्रास होतो. परंतु गोळी अजिबात न सोसल्यामुळे ती सोडावी लागणारे रुग्ण वीसात एखादाच असतात. उरलेल्यांचे शरीर दोन ते चार आठवड्यांत गोळीला सरावते. या दोन आकड्यांमधील अंतर हाच या लेखाचा विषय आहे. चारांपैकी ज्या एकाला त्रास होतो, त्याला ‘हा त्रास ओसरणार आहे’ असे कोणी सांगितलेले असते काय?

हा त्रास कागदावर किरकोळ दिसला, तरी सर्वांना सारखा नसतो. कापूस वेचणीला पहाटे बाहेर पडणारी एखादी स्त्री कल्पनेसमोर आणावी. ती काळा चहा घेऊन उपाशीपोटी गोळी गिळते आणि दिवसभर उघड्या शेतात राबते. जवळपास शौचालय नाही, आडोसा नाही आणि सोबत गावातील माणसे. अशा स्थितीत दोनदा शौचास जावे लागणे ही तिच्या दृष्टीने अब्रूची व रोजंदारीची बाब ठरते. तिने गोळी बंद केली, तर तो तिचा अडाणीपणा मानू नये. तिच्या दिनक्रमाचा विचार न करता गोळीची वेळ ठरवली गेली, हा त्यातील खरा दोष होय.

सुरुवात कशी करावी?

उपाय साधे आहेत. पहिला उपाय म्हणजे थोड्या मात्रेने आरंभ. डॉक्टर बहुधा ५०० मिलिग्रॅमची एकच गोळी दिवसातून एकदा देतात आणि ती सोसल्यानंतर एक-दोन आठवड्यांच्या अंतराने मात्रा वाढवतात. ‘लवकर बरे वाटावे’ म्हणून रुग्णाने स्वतःच दोन गोळ्या घेऊ नयेत.

दुसरा उपाय गोळीच्या वेळेचा आहे. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर किंवा जेवण होताच घ्यावी, चहाबरोबर घेऊ नये. भाकरीचे चार घास पोटात गेल्यावर घेतलेली गोळी आणि रिकाम्या पोटी घेतलेली गोळी यांत सोसण्याच्या दृष्टीने मोठा फरक पडतो. वर सांगितलेल्या वेचणी करणाऱ्या स्त्रीला डॉक्टरांच्या संमतीने ही गोळी रात्रीच्या जेवणासोबत घेता येते. त्यामुळे शेतातील अडचण टळते आणि उपचारही चालू राहतो. केसपेपरवर ‘रोज एक’ इतकेच लिहिलेले असेल, तर ‘कोणत्या जेवणासोबत’ हे विचारून घ्यावे.

तिसरा उपाय आहाराचा आहे. पहिले दोन-तीन आठवडे अतितिखट ठेचा, तळलेले पदार्थ आणि एकाच वेळी भरपेट जेवण टाळावे. ज्वारीची भाकरी, मुगाचे वरण, साधी भाजी, ताजे ताक असा हलका आहार ठेवावा व पाणी पुरेसे प्यावे.

चौथा उपाय, हे सर्व करूनही त्रास चालू राहिल्यास, डॉक्टरांना सांगून गोळीचा प्रकार बदलून घेण्याचा आहे. मेटफॉर्मिनची हळूहळू विरघळणारी गोळी मिळते व ती अनेकांना अधिक सोसते. मात्र ही गोळी तोडू नये, कुटू नये वा चावू नये, कारण तसे केल्यास तिचा संथपणे विरघळण्याचा गुणच नाहीसा होतो. एखाद्या दिवशी गोळी घ्यायची राहिल्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट घेऊ नये, हेही लक्षात ठेवावे.

साखर उतरते तेव्हा

मेटफॉर्मिन एकटी घेतली असता रक्तातील साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. दुसऱ्या एका कुळातील गोळ्यांचे तसे नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, ग्लिबेनक्लामाइड ही त्यांतील परिचित नावे. या कुळाचा शोधच एका दुष्परिणामातून लागला. १९४२ मध्ये फ्रान्समधील माँपेलिए येथे मार्सेल जाँबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना एक नवे सल्फा औषध देत होते. तेव्हा काही रुग्णांची साखर एकाएकी उतरल्याचे त्यांना आढळले. त्यांचे सहकारी ऑग्युस्त लुबातिएर यांनी त्याचा पाठपुरावा केला आणि मधुमेहासाठी गोळ्यांचे एक संपूर्ण कूळ उपलब्ध झाले. या गोळ्या स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडावयास लावतात आणि त्या वेळी पोटात अन्न आहे की नाही, याची वाट पाहत नाहीत.

आपल्याकडे मेटफॉर्मिन व ग्लिमेपिराइड यांची एकत्रित गोळी मोठ्या प्रमाणावर दिली जाते. आपण एक गोळी घेतो की दोन औषधे, हे अनेक रुग्णांना ठाऊक नसते. म्हणून पाकिटावरील नाव वाचणे, आणि स्वतःला वाचता येत नसल्यास शाळेत जाणाऱ्या मुला-नातवाकडून वाचून घेणे, ही उपचाराची पहिली पायरी समजावी. ग्लिमेपिराइडसारखी गोळी न्याहारीच्या किंवा पहिल्या मुख्य जेवणाच्या लगेच आधी घ्यावयाची असते. जेवण होणार नसेल, तर ती गोळी घ्यावी की नाही, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवले पाहिजे.

वऱ्हाडात हा प्रश्न विशेष महत्त्वाचा आहे. चतुर्थी, एकादशी व नवरात्राचे उपवास, रमजानचे रोजे, शेगावहून पंढरपूरला पायी जाणारी श्रीगजानन महाराजांची पालखी हा येथील जीवनाचा भाग आहे. श्रावणातील शेवटच्या सोमवारी गांधीग्राम येथील पूर्णेचे पाणी कावडीतून पायी आणून अकोल्याच्या राजराजेश्वराला अभिषेक केला जातो. उपवास आणि दीर्घ पायपीट यांत साखर उतरण्याची शक्यता वाढते. श्रद्धा सोडावी असे कोणी म्हणत नाही. परंतु रोजे वा वारी सुरू होण्यापूर्वी महिना-दीड महिना अगोदर डॉक्टरांना भेटून गोळीची वेळ व मात्रा ठरवून घ्यावी.

साखर ७० मिलिग्रॅमच्या खाली उतरली की दरदरून घाम सुटतो, हात थरथरतात, छातीत धडधडते, कडाडून भूक लागते, बोलण्यात गोंधळ होतो. अशा वेळी तीन चहाचे चमचे साखर पाण्यात घोळून ताबडतोब प्यावी. गुळाचे पाणीही चालते. पेढा वा बर्फीतील साखर स्निग्धांशामुळे सावकाश रक्तात मिसळते, म्हणून तिच्यावर विसंबू नये. १५ मिनिटांत बरे न वाटल्यास पुन्हा साखरपाणी द्यावे आणि बरे वाटताच जेवण करावे. रुग्ण बेशुद्ध असेल, तर त्याच्या तोंडात काहीही घालू नये. त्याला कुशीवर वळवून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. शेतावर जाताना शिदोरीसोबत साखरेची पुडी बांधून नेणे, हा यावरील सर्वांत स्वस्त बंदोबस्त होय.

उन्हाळा, खारे पाणी आणि मूत्रपिंड

अकोल्याचा उन्हाळा प्रसिद्ध आहे. पारा ४५ अंशांच्या आसपास जाणे येथे नवलाचे राहिलेले नाही. मे २०२४ मध्ये तर उष्णतेच्या लाटेमुळे जिल्हा प्रशासनाने फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ लागू करून कामगारांना पाणी व सावली पुरविण्याचे बंधन घातले होते. या उन्हाचा मधुमेहाच्या औषधांशी थेट संबंध येतो.

मेटफॉर्मिनचे शरीरात विघटन होत नाही. ती जशीच्या तशी मूत्रपिंडावाटे बाहेर पडते. मूत्रपिंडे धड असतील तोवर त्यात अडचण नाही. परंतु ऊन लागून किंवा जुलाब-उलट्या होऊन शरीरातील पाणी आटले, मूत्रपिंडाचे काम मंदावले, तर औषध साचते आणि क्वचित प्रसंगी रक्तात लॅक्टिक आम्ल वाढण्याचा धोका संभवतो. यासाठी जोराची उलटी-हगवण, तीव्र ताप किंवा पाणीही पोटात न ठरणे, अशा आजारात मेटफॉर्मिन तात्पुरती थांबवून डॉक्टरांशी त्वरित संपर्क साधावा व बरे होऊन नीट जेवण सुरू झाल्यावर ती पुन्हा चालू करावी. इन्शुलिन घेणाऱ्यांनी मात्र आजारपणातही ते आपल्या मनाने पूर्णपणे बंद करू नये. ‘साखर आहे’ म्हणून मधुमेही जलसंजीवनी घेण्यास कचरतात. तिच्या एका लिटरमध्ये केवळ १३.५ ग्रॅम ग्लुकोज असते. हगवणीत शरीर कोरडे पडणे हे त्या थोड्या साखरेपेक्षा फार घातक आहे.

अलीकडे डॅपाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही दिल्या जातात. त्या जादा साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, म्हणून लघवी वाढते, तहान लागते आणि जननेंद्रियाच्या जागी खाज किंवा बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. ही तक्रार विशेषतः स्त्रिया संकोचाने सांगत नाहीत. स्वच्छता, कोरडेपणा व साधे मलम यांनी ती बहुधा बरी होते, पण त्यासाठी ती आशाताई वा परिचारिकेजवळ बोलली गेली पाहिजे. या गोळ्याही उलटी-हगवणीच्या आजारात व कडक उपवासात डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवाव्या लागतात.

मूत्रपिंडाचा उल्लेख होताच अकोला जिल्ह्यात खारपाणपट्ट्याची आठवण होणे स्वाभाविक आहे. पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलडाणा या जिल्ह्यांच्या मोठ्या भागात भूजल खारे आहे. जिल्ह्यातील अकोट, तेल्हारा, बाळापूर, मूर्तिजापूर व अकोला तालुक्यांतील अनेक गावे या पट्ट्यात मोडतात. तेथील लोक मूत्रपिंडाच्या विकारांविषयीची तक्रार वर्षानुवर्षे मांडत आले आहेत. वान धरणावरील ८४ खेडी योजनेसारख्या पाणीपुरवठा योजनांचे महत्त्व याच पार्श्वभूमीवर आहे. अशा गावांतील मधुमेहींच्या बाबतीत गोळी सुरू करण्यापूर्वी व नंतर वर्षातून किमान एकदा रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी कटाक्षाने व्हावी. त्यावरून मूत्रपिंडाची कार्यक्षमता काढली जाते. ती ३०च्या खाली गेल्यास मेटफॉर्मिन दिली जात नाही. ३० ते ४५ या दरम्यान ती नव्याने सुरू करण्याचे टाळतात आणि चालू असल्यास मात्रा कमी करतात.

येथेच एका सार्वत्रिक गैरसमजाचे निराकरण केले पाहिजे. ‘शुगरच्या गोळ्यांनी किडनी जाते’ असे गावोगाव बोलले जाते. वस्तुस्थिती अशी की, मेटफॉर्मिन मूत्रपिंड बिघडवीत नाही. मूत्रपिंड आधीच बिघडलेले असल्यास ती चालत नाही, इतकेच. मूत्रपिंडाचा खरा शत्रू म्हणजे वर्षानुवर्षे अनिर्बंध राहिलेली साखर व रक्तदाब. अंगदुखीसाठी दुकानातून परस्पर घेतल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन यांसारख्या वेदनाशामक गोळ्याही, विशेषतः उन्हात पाणी आटलेल्या शरीरात, मूत्रपिंडाला इजा करू शकतात. लोक नेमकी उलटी भीती बाळगतात. साखरेची गोळी ते सोडतात आणि अंगदुखीची गोळी चालू ठेवतात.

घाबरवणाऱ्या, पण निरुपद्रवी गोष्टी

काही अनुभव रुग्णाला विनाकारण घाबरवतात. हळूहळू विरघळणाऱ्या गोळीचे कवच कधी कधी शौचातून जसेच्या तसे बाहेर पडलेले दिसते. गोळी पचलीच नाही, असे रुग्णास वाटते. वास्तविक आतील औषध शरीरात उतरलेले असते. बाहेर पडते ते रिकामे टरफल.

दुसरा अनुभव दृष्टीचा. फार वाढलेली साखर उपचाराने खाली येऊ लागली की डोळ्यांच्या भिंगातील पाण्याचे प्रमाण बदलते व काही आठवडे अंधुक दिसते. ‘गोळीने डोळे गेले’ असा निष्कर्ष काढू नये आणि या काळात घाईने नवा चष्माही करू नये. साखर स्थिर झाली की दृष्टी बहुधा पूर्ववत होते. तथापि एकाएकी दिसेनासे झाल्यास किंवा डोळ्यांपुढे काळे पडदे आल्यास विलंब न करता नेत्रतपासणी करावी. मधुमेहींनी डोळ्यांच्या पडद्याची तपासणी एरवीही वर्षातून एकदा करून घ्यावयाची असते.

तिसरा अनुभव अशक्तपणाचा. वर्षानुवर्षे ३०० मिलिग्रॅमच्या आसपास साखर असलेल्या माणसाची साखर दीडशेवर आली, तरी शरीराला ती ‘उतरली’ असे वाटते आणि घाम, थरथर जाणवते. अशा वेळी उपकेंद्रात साखर मोजून घ्यावी. ती खरोखर उतरलेली नसेल, तर काही दिवसांत शरीर नव्या पातळीला सरावते.

दीर्घकाळ मेटफॉर्मिन घेणाऱ्यांमध्ये ब-१२ जीवनसत्त्व कमी होऊ शकते, ही गोष्ट मात्र दुर्लक्ष करण्यासारखी नाही. माळकरी व अन्य शाकाहारी कुटुंबांत ते आधीच कमी असण्याचा संभव असतो. पायांना मुंग्या, जिभेची आग, थकवा ही त्याची लक्षणे मधुमेहाचीच समजली जातात व उपचार राहून जातो. दूध-दही नियमित घ्यावे आणि डॉक्टरांना ब-१२च्या तपासणीविषयी विचारावे.

विलंब न लावण्याची लक्षणे

पुढील लक्षणे दिसल्यास ‘सवय होईल’ म्हणून थांबू नये, तत्काळ रुग्णालय गाठावे :

(१) सतत उलट्या व पोटात तीव्र वेदना;
(२) श्वास जोराने वा खोल चालणे, कमालीची गुंगी;
(३) लघवी अत्यंत कमी होणे;
(४) साखरपाणी देऊनही घाम, गोंधळ किंवा बेशुद्धी न ओसरणे;
(५) अंगभर पुरळ, चेहऱ्यावर सूज, श्वास कोंडणे.

अशा रुग्णाला जवळच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा अकोल्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी संलग्न सर्वोपचार रुग्णालयात न्यावे. जाताना गोळ्यांची सर्व पाकिटे सोबत न्यावीत. रुग्ण काय घेत होता हे डॉक्टरांना त्यावरूनच कळते. मद्यपानाने साखर उतरण्याचा व आम्ल साचण्याचा असे दोन्ही धोके वाढतात, हे रुग्णाच्या कुटुंबीयांनीही ध्यानात ठेवावे.

गावाची जबाबदारी

या सर्व विवेचनातून एक साधी कार्यपद्धती निघते. गोळी सुरू झाल्यापासून आठव्या दिवशी व पुन्हा महिन्याअखेर कोणीतरी रुग्णाला विचारले पाहिजे. ‘गोळी घेता का?’ असे विचारल्यास उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते, कारण ‘नाही’ म्हणण्यात कमीपणा वाटतो. त्याऐवजी ‘गोळी सुरू केल्यापासून पोटाला काही त्रास?’ असे विचारावे. या प्रश्नाला खरे उत्तर मिळते. आशा स्वयंसेविकेला गृहभेटीत हे विचारणे अवघड नाही. तिने आणलेल्या तक्रारीवर समुदाय आरोग्य अधिकाऱ्याने वा डॉक्टरांनी वेळ, मात्रा किंवा गोळीचा प्रकार बदलून द्यावा.

ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समितीला आपल्या बैठकीत या विषयासाठी दहा मिनिटे देता येतील. नव्याने निदान झालेल्यांपैकी किती जण दुसऱ्या महिन्याच्या गोळ्या घेण्यास आले आणि जे आले नाहीत ते का आले नाहीत, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल. रुग्णांची नावे मात्र सभेत उच्चारू नयेत. आजार ही खाजगी बाब आहे आणि ती चव्हाट्यावर आल्यास माणसे तपासणीलाच येणार नाहीत. उन्हाळ्यात रोजगार हमीच्या कामांवर पाणी व सावली आहे का, हे पंचायत सदस्यांनी पाहावे. शेतशिवारात राबणाऱ्या स्त्रियांसाठी आडोशाची सोय हाही मधुमेहाच्या उपचाराचाच एक भाग आहे.

शिक्षकांचा वाटा वेगळा आहे. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला गोळीचे नाव, मात्रा व मुदत वाचता येते. घरातील आजीच्या पाकिटावरील ही तीन गोष्टी वहीत उतरवून आणण्यास सांगितले, तर तो विज्ञानाचा पाठ होईल आणि आजीचे औषधही तपासले जाईल. साखर उतरल्याची लक्षणे व साखरपाण्याचा उपाय मुलांना पाठ असला, तर शेतावर वा घरी मोठे माणूस जवळ नसतानाही एखादा जीव वाचू शकेल.

मधुमेहाचे औषध आयुष्यभराचे असते. इतक्या लांबच्या सोबतीत आरंभीचे काही दिवस अवघड जाणे अस्वाभाविक नाही. ‘गोळी सोसत नाही’ हे वाक्य रुग्णाने देवळीजवळ उभे राहून मनाशी म्हणण्याऐवजी उपकेंद्राच्या दारात येऊन म्हटले, तर तेथे त्यावर चार उपाय आहेत. त्याला त्या दारापर्यंत आणणे हे गावातील जाणत्या माणसांचे काम आहे, आणि त्यासाठी आठव्या दिवशी केलेली एक चौकशी पुरेशी ठरते.